उजवा हात, खांद्यापासून मनगटापर्यंत

दंड म्हणजे बटाट्याचं पोतं नव्हे, हे मला साठी जवळ आल्यावर कळलं. चित्रकला शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीपेक्षाही लहान. पहिल्याच रविवारी त्यांनी माझा कागद उचलला, लांब धरला, जवळ आणला आणि म्हणाल्या, "काकू, रागावू नका हं, पण हा हात नाहीये. हा दुधी भोपळा आहे."

मी रागावले. रागावू नका म्हटलं की मी हमखास रागावते, आणि तो स्वभाव बदलायचं वय आता गेलं. बरं, मी अगदीच अडाणी असते तर गोष्ट वेगळी. पण माझ्या रांगोळीला पंचवटीत मान आहे. लग्नघर असो, सत्यनारायण असो, नाहीतर पाडव्याला घाटावरची मोठी रांगोळी असो, मधला गालिचा मीच काढायचा हे ठरलेलं. माझ्या चिमटीतून सुटलेली रेघ कधी थरथरली नाही. आणि कालची पोर मला सांगते, दुधी भोपळा!

पण खोटं कशाला बोलू, भोपळाच होता तो. घरी नेऊन कोणाला दाखवला असता तर भाजी कशाची करायची ते विचारलं असतं.

चूक कुठे झाली ते मॅडमनी दाखवलं. रांगोळी काढणारीचा हात एका गोष्टीला सोकावलेला असतो. इकडे पाकळी काढली की तिकडे तेवढीच, तशीच, तिच्या बरोबर समोर. त्यात विचार करायचा नसतोच, चिमूट आपोआप तिकडे जाते. तसाच मी हात काढला होता. एका कडेला फुगवटा, दुसऱ्या कडेला तेवढाच फुगवटा, आणि मनगटाशी दोन्हीकडून सारखाच निमुळता. मॅडमनी स्वतःची बाही वर सारली, हात माझ्यापुढे धरला आणि पेन्सिलीच्या टोकाने दाखवत गेल्या. "बघा, बाहेरची कड इथे फुगते, कोपराला लागूनच. आतली कड त्याच्या खाली फुगते. समोरासमोर कधीच नाही. काकू, हात असा तिरका तिरका उतरत जातो."

मी त्यांचा हात पाहिला. मग माझा पाहिला. परत येताना द्वारका चौकात रिक्षा बदलायची असते, तिथे नेहमीप्रमाणे सगळं तुंबलेलं. सिग्नलला थांबलेल्या मोटरसायकलवाल्यांचे हात एकामागून एक पाहिले. खरंच की! एवढं आयुष्य हात बघण्यात गेलं आणि एकाही हाताच्या कडा समोरासमोर नव्हत्या. घरात शिरल्या शिरल्या, चपला काढायच्या आधी नवऱ्याला म्हटलं, "अहो, देवाला रांगोळी येत नाही."

ते हसले. तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसले. बऱ्याच दिवसांनी हसले म्हणून मी पुढच्या रविवारी परत गेले, नाहीतर त्या भोपळ्यानंतर मी कसली जातेय.

नवऱ्याबद्दल इथेच सांगून टाकते. सातपूरच्या एका कारखान्यात ते लेथवर होते. ती पोटाची नोकरी. जीव होता ढोलात. गल्लीच्या पथकात मिसरूड फुटायच्या आधी शिरले ते रिटायर झाल्यावरही निघाले नाहीत. खांद्यावरून पट्टा घेऊन कमरेला ढोल आवळायचा, एका बाजूला डाव्या पंजाची थाप, दुसऱ्या बाजूला उजव्या हातातलं टिपरू, आणि एकदा लय धरली की मग बायको हाक मारतेय का देव हाक मारतोय, यांना काही ऐकू यायचं नाही. मिरवणुकीच्या त्या आवाजाने दरवर्षी माझं डोकं उठायचं. दरवर्षी मी म्हणायचे, पुढच्या वर्षी येणार नाही. आणि दरवर्षी मेन रोडच्या कडेला सगळ्यात पुढे मीच उभी.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप सुटला. नवीन सेटमधला कप म्हणून मी ओरडले, आणि उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं तर शब्द वेडावाकडा बाहेर पडला. उजवी बाजू गेली होती. नंतर बोलणं परत आलं, जरा जड. पाय परत आला, जरा ओढत. हात मात्र आला नाही. व्यायाम करून घ्यायला एक बाई घरी यायच्या, चांगल्या होत्या, थट्टा करत करत करून घ्यायच्या. यांनीही मन लावून केलं. पुष्कळ महिने केलं. मग एक दिवस म्हणाले, "पुरे आता. त्याला यायचं असतं तर एव्हाना आला असता." हात मांडीवर ठेवला, त्यावर पंचा टाकला आणि विषय संपवला. त्यानंतर कोणी भेटायला आलं की ते डाव्या हाताने पंचा नीट करायचे. पाहुणेही शहाणे, पंचाकडे न बघता बोलायचे.

मी तो हात रोज धुते, पुसते, बाहीत घालते. पण ते काही बघणं नव्हे. काम असतं ते. सकाळी नळ जायच्या आत आंघोळ उरकायची असते, तिथे कोण बघत बसतंय!

आणि मला त्या हाताची आठवण येते. सांगायला लाज कसली, एवढ्या वर्षांचा संसार आहे. फडताळावरचा डबा काढायला मी टाचा उंचावल्या की माझ्या डोक्यावरून न सांगता पुढे जायचा तो हात. लोणच्याच्या बरणीचं झाकण मी लाख फिरवावं, यांनी नुसतं धरावं. रविवारी जेवून आडवे झालो की तो हात माझ्या अंगावर येऊन पडायचा. "उचला हो, जीव गुदमरतोय," म्हटलं तरी उचलायचे नाहीत, कारण तोवर घोरायला लागलेले असायचे. मी चिडायचे. आता माझ्या अंगावर कोणी वजन टाकत नाही, दुपारभर मोकळा श्वास घेते, आणि त्या मोकळ्या श्वासाचा मला वीट आलाय.

त्याहून वाईट म्हणजे तो हात मला दिसेनासा झाला. डोळे मिटून आठवायला जावं तर पंचाच समोर यायचा. फोटो पाहिले. फोटोत सगळीकडे पथकाचा पांढरा झब्बा, हात ढोलाच्या मागे, आणि फोटो काढणाऱ्याचं लक्ष तोंडाकडे. मोबाइलवर कोणी कोणी घेतलेले व्हिडिओ आहेत, त्यात हात इतका हलतो की नुसता पांढरा धूर दिसतो. चेहऱ्याचे शंभर फोटो असतात माणसाचे. हाताचा फोटो कोण काढतं? मला एकदम भीती वाटली. नवरा समोर खुर्चीत बसलाय, आणि त्याचा एक हात माझ्या डोक्यातून पुसला जातोय.

मुलगी पुण्याला असते. आईने आठवड्यातून दोन तास तरी घराबाहेर पडावं म्हणून तिने परस्पर माझं नाव त्या चित्रकलेच्या क्लासला घातलं. तिला वाटलं, आई फुलं काढेल, घाट काढेल. पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, "काकू, काय शिकायचंय?" मी म्हटलं, "हात." बाकी काही नको. मला तो उजवा हात परत हवा होता. खरा मिळणार नव्हता, हे मलाही कळत होतं, मी काही वेडी नाही. पण कागदावर तरी मिळाला पाहिजे, सगळा पुसला जायच्या आत, एवढीच माझी घाई होती. त्यासाठी भोपळ्यापासून सुरुवात करावी लागली तर करू म्हटलं.

मग काय, पी हळद आणि हो गोरी असं थोडंच होतं! मॅडम आधी हाडंच काढायला लावायच्या. वर एक हाड, कोपराखाली दोन. तळवा आभाळाकडे असला की दोन्ही शेजारी शेजारी, तळवा उलटा केला की एक दुसऱ्यावरून आडवं जातं. ते मला पटेचना. मी वर्गात पाच मिनिटं नुसती हात उलटा सुलटा करत बसले, जणू पोळी भाजतेय. मग हाडांवर स्नायू चढवायचे. खांद्यावर पालथी वाटी ठेवल्यासारखा एक, त्याचं टोक दंडाच्या बाहेरच्या अंगाला मध्यावर घुसतं. पुढे बायसेप, मागे ट्रायसेप. आणि माझा सगळ्यात आवडता म्हणजे कोपराच्या वरून निघून, वळसा घेत, अंगठ्याच्या बाजूला उतरणारा तो लांब दोर. त्याचं इंग्रजी नाव मला कधी नीट घेता आलं नाही. मी त्याला दोरच म्हणायचे, पुढे मॅडमही म्हणायला लागल्या.

वर्गात निफाडचा एक द्राक्षबागाईतदार होता, हौशी, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. छाटणीचे दिवस सोडले तर रविवारी न चुकता यायचा. त्याचे हात बघून मॅडमनी त्यालाच समोर बसवलं. तो बिचारा लाजून लाल. "ताई, आमच्या बागेत या हातांना कोणी इचारत नाय," म्हणायचा. पण कात्री दाबून दाबून त्याचा तो दोर असा वर आला होता की आंधळ्यालाही काढता यावा. मी त्याला समोर बसवून काढायचे आणि मनात दुसऱ्याचा काढत असायचे. जमायचं नाही. दरवेळी निफाडचाच हात उमटायचा.

रस्त्याने जाता-येताही मला दुसरं काही दिसेना. एकदा मेथीची जुडी हातात घेऊन मी भाजीवाल्याच्या दंडाकडे अशी टक लावून उभी राहिले की तो म्हणाला, "मावशी, ताजी हाय, बघताय काय?" आता याला काय सांगू, बाबा रे, मेथी नाही, तुझा ट्रायसेप बघतेय? घरी येऊन ते सांगितलं तर हे म्हणाले, "या वयात आता तेवढंच राहिलं होतं." त्यांच्या तोंडून असं काही ऐकलं की मला दिवसभर बरं वाटायचं.

दिवाळीनंतर मॅडमनी गृहपाठ दिला. घरातल्या कोणाला तरी समोर बसवायचं आणि त्याचे दोन्ही हात काढायचे, खांद्यापासून मनगटापर्यंत, समोरून. मी भीत भीत यांना विचारलं. म्हटलं, नाही म्हणतील. ते म्हणाले, "डावा घे. डावा रिकामाच आहे." आणि उजव्यावरचा पंचा जरा वर ओढून घेतला.

दुपारी गॅलरीत चांगला उजेड असतो. हे बनियनवर बसले, डावा हात खुर्चीच्या दांडीवर. चार दुपारी मी तो काढला. एवढं सुख मला बऱ्याच दिवसांत लागलं नव्हतं. ते रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवायचे, मी रेघा मारायचे. मध्येच म्हणायचे, "तीळ काढलास का?" मी म्हणायचे, "तिळाआधी हाड." पाचव्या दुपारी हात झाला. झाला म्हणजे खरंच झाला. बाहेरची कड वर, आतली खाली, दोर वळसा घेऊन अंगठ्याकडे. भोपळा कुठल्या कुठे पळाला. मी स्वतःच स्वतःला शाबास म्हटलं, दुसरं कोण म्हणणार?

आता उजवा. पंचाला हात लावायची माझी छाती नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या पंचाखाली जो होता तो मला नकोच होता. मला पहिला हवा होता. मग मी माझी जुनी युक्ती काढली. रांगोळीत अर्धा गालिचा झाला की उरलेला अर्धा त्याच्यावरूनच बेततात, तसंच. पातळ कागदावर डावा हात उतरवून घेतला, कागद उलटा केला, खिडकीच्या काचेला लावला आणि दुसऱ्या बाजूला गिरवला. मध्ये छाती, वर मान. संध्याकाळच्या दिव्याच्या आत कागदावर माझा नवरा उभा राहिला, दोन धडधाकट हातांचा. मांडीवर काही नाही, पंचा नाही. मी पाहत राहिले. मिळाला, म्हटलं. एकदाचा मिळाला!

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅलरीत त्यांच्यापुढे कागद धरला. मला वाटलं होतं, डोळ्यांत पाणी येईल. निदान बरा जमलाय म्हणतील. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, चष्मा मागितला, परत पाहिलं.

"हा कोण?"

"कोण म्हणजे? तुम्ही."

"मी नाही. हा कोणीतरी दुसरा आहे. मारुतीला तेल घालायला आलेला वाटतो."

"चांगलं काढलेलं बघवत नाही तुम्हाला," मी म्हटलं. माझा पारा चढायला वेळ लागत नाही. "पाच दुपारी घालवल्यात मी. तुमचाच हात समोर ठेवून काढलाय. हा डावा, आणि हा उजवा."

"उजवा? हा डावाच आहे, इकडून तिकडे नेलेला." आणि मग त्यांचा आवाज एकदम वर गेला, जड जिभेने शब्द एकमेकांवर आदळले. "माझे हात कधी सारखे होते गं? एवढी वर्षं टिपरू कुठल्या हातात होतं? शिंपीसुद्धा उजवी बाही सैल ठेवायचा माझी, न सांगता. त्याला दिसायचं. तुला नाही दिसलं?"

मी कागद माझ्याकडे वळवून पाहिला. खरंच की, उजवा जाड होता. मला माहीत होतं ते, अगदी आत कुठेतरी माहीत होतं, आणि तरी चिमूट सवयीने समोरच्या बाजूला तेवढंच टाकून मोकळी झाली होती. मी पुसायचं रबर घेतलं आणि म्हटलं, "मग सांगा. तुम्ही सांगाल तसा काढते."

आणि ते सांगायला लागले. अगं बाई, काय सांगायला लागले! आजारपणानंतर एका दमात इतकं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. खांदा असा नाही, भरलेला. पट्टा लागून लागून इथे घट्टा होता. दंड मोठा नव्हता, पैलवानी नव्हता, पण कोपराखाली बघायचं. टिपरू खांद्याने मारत नाहीत, नवी पोरं मारतात आणि तासाभरात गळतात. मनगटाने मारायचं, म्हणजे जोर इथून येतो, या दोरातून. नाव त्यांनीही दोरच घेतलं, माझं ऐकून ऐकून. मी पुसत होते, काढत होते. "अजून जाड," ते म्हणायचे. मी जाड करायचे. "अजून." मी अजून करायचे. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी थांबायचं कसं? उजवा हात वाढत वाढत कागदाच्या कडेला टेकला.

शेवटी मला हसू आलं. "अहो, एवढा असता तर दरवाजातून आडवा घ्यावा लागला असता. उचलली जीभ लावली टाळ्याला!"

"एवढाच होता. आणि खाली असा बारीक का केलास? मनगटाच्या वरही असाच भरलेला होता."

"शक्य नाही," मी म्हटलं. "तिथे स्नायू संपतात, नुसत्या शिरा उतरतात. तिथे हात निमुळताच होतो. मॅडमनी सांगितलंय."

"तुझ्या मॅडमने ढोल वाजवलाय?"

"नाही, पण तुम्ही थापा मारताय."

"बरं. तूच सांग मग." ते पुढे वाकले. "घाटावर रांगोळी झाली की गुडघे धरून बसून राहायचीस, उठता यायचं नाही. कोण उठवायचं तुला? हाच हात पुढे करायचो ना? मनगटाच्या वर धरायचीस, इथे. तुझ्या मुठीत मावायचा का?"

मावायचा नाही. त्यांनी विचारलं आणि ते सगळंच्या सगळं माझ्या तळव्यात आलं. पहाटेपासून वाकून बसलेली मी, बोटं रंगाने भरलेली, बायका कौतुक करतायत आणि मला कौतुक नको, कोणीतरी उठवा एवढंच हवंय. मग गर्दीतून यांचा हात पुढे यायचा. मी मनगटाच्या वर धरायचे आणि अंगठा नि मधलं बोट कधी एकमेकांना भेटायचे नाहीत, मध्ये चांगली जागा राहायची. मी सगळं अंग त्या हातावर टाकायचे आणि तो हात जरासुद्धा खाली जायचा नाही. झब्ब्यावर माझ्या बोटांचे रंगीत ठसे उठायचे, त्यावरून घरी भांडण. इतके दिवस मी तो हात डोळ्यांनी आठवायला बघत होते. तो डोळ्यांत नव्हताच कधी. माझ्या तळव्यात होता.

"जागा राहायची," मी म्हटलं. "पण एवढी नाही हो. एवढी राहायची." आणि किती ते दाखवायला, वाद जिंकायच्या भरात, मी पंचाखाली हात घातला आणि त्यांचा हात मनगटाच्या वर पकडला.

बोटं भेटली. भेटून अंगठा मधल्या बोटाच्या नखावर चढला.

पंचा खाली पडला. दोघांनीही उचलला नाही. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत चालला होता, तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत आम्ही दोघं त्याचंच ऐकत बसलो. मला हात सोडावा की धरून ठेवावा कळेना. ते माझ्या बोटांकडे बघत होते.

"किती राहिली जागा?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला मला येतं, बायकांना संसारात यावंच लागतं. पण त्यांना दिसत होतं. "नाही राहिली," मी म्हटलं.

"हं." मग कागदाकडे बघत, "ते खोड. नवा कागद घे."

"काय काढू?"

"हा. आहे तो."

मी आत जाऊन कागद आणला. तोंड धुतलं, डोळे पुसले, परत आले तर त्यांनी डाव्या हाताने उजवा उचलून खुर्चीच्या दांडीवर नीट ठेवला होता, तळवा वर. मी खांद्यापासून सुरुवात केली. खांदा खाली उतरला होता, वरच्या हाडाचं टोक वेगळं दिसत होतं. ती पालथी वाटी बसकी झाली होती, पण तिचं टोक जिथे घुसायला हवं तिथेच घुसत होतं. मॅडमनी शिकवलेलं सगळं त्या हातात जागच्या जागी होतं, फक्त थोडं थोडं उरलं होतं. मी इतकं निरखून त्याला कधीच पाहिलं नव्हतं. दांडगा होता तेव्हाही नाही. हात वाईट नव्हता हो दिसायला. दमलेला होता.

"बाहेरची कड वर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"आणि आतली?"

"त्याच्या खाली."

"म्हणजे हात आहे अजून," ते म्हणाले, आणि मी हसणार तेवढ्यात त्यांचा चेहरा वाकडा झाला. मला वाटलं परत झटका आला की काय, मी पेन्सिल टाकून उठणार होते. पण ते रडत होते. इस्पितळात रडले नव्हते, व्यायाम सोडला तेव्हा रडले नव्हते, यंदाची मिरवणूक गल्लीतून गेली तेव्हा तर टीव्ही मोठा करून बसले होते. मी समजत होते, यांनी सोडून दिलं, झुरतेय ती मी एकटीच.

"मलापण पाहिजे होता गं तो," ते म्हणाले. "तुलाच एकटीला वाटतं का? मलापण पाहिजे होता."

मी रेघ चालूच ठेवली. बोलले असते तर पेन्सिल ठेवावी लागली असती, आणि पेन्सिल ठेवली असती तर आम्ही दोघंही तिथेच बसून राहिलो असतो. गॅलरीतला उजेड पाचनंतर जातो. त्यांनी नाक पुसलं, पण हात हलू दिला नाही, आणि मी दंडावरून कोपराकडे उतरायला लागले.